‘पारधी टोळी जेरबंद’ : बातमीतली जात आणि राईनपाडा

जुना उपसंपादक (धागाकर्ता)

मी एका जिल्हा दैनिकात एकवीस वर्षे उपसंपादक होतो. दैनिकाचे नाव लिहीत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते त्या एका दैनिकापुरते नव्हते आणि त्यात माझा स्वतःचा हात होता. रात्री साडेनऊच्या सुमारास तालुक्यांच्या वार्ताहरांकडून गुन्ह्यांच्या बातम्या येत. त्यांतल्या बहुतेक म्हणजे पोलिसांच्या प्रेसनोटची नक्कल असे. पान लावायची घाई असे, मथळा तीन-चार शब्दांत बसवायचा असे, आणि आरोपी पारधी समाजातले असले की मथळा जणू तयारच असे : ‘पारधी टोळी जेरबंद’. त्याच पानावर शेजारी दुसरी चोरी छापलेली असे, तिचा मथळा ‘दुचाकी चोरणारे तिघे अटकेत’ असा असे. त्या तिघांची जात आम्ही कधी छापली नाही. छापावी असे कोणाच्या मनातही आले नाही.

एकदा एका तरुण वार्ताहराला मी विचारले की, तू ‘पारधी’ हा शब्द का घातलास, पोलिसांच्या कागदात तर फक्त नावे आहेत. त्याने दिलेले उत्तर मला अजून आठवते. तो म्हणाला, आरोपींची आडनावे काळे, भोसले, पवार अशी आहेत, नुसती छापली तर गावातले त्याच आडनावाचे इतर लोक कार्यालयात येऊन विचारतात की आमच्या भावकीतल्या कोणाबद्दल लिहिले आहे का. म्हणजे एका समाजाच्या अब्रूला धक्का लागू नये म्हणून दुसऱ्या समाजाचे नाव मथळ्यात जात होते. मी तो मथळा बदलला नाही. पुढेही अनेकदा बदलला नाही.

१ जुलै २०१८ रोजी राईनपाडा घडले, तेव्हा मला निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले हे छोटे गाव. रविवारचा आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच पुरुष भिक्षेसाठी आले होते. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. त्यांच्यापैकी एकाने बाजारात एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केल्याचे निमित्त झाले, आणि ‘मुले पळवणारी टोळी आली’ अशी हाकाटी उठली. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून जमावाने मरेपर्यंत मारले. मारहाणीची चित्रफीत त्याच संध्याकाळी राज्यभर फोनांवर फिरली.

त्याआधी काही आठवड्यांपासून त्या भागात व्हॉट्सॲपवर मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश फिरत होते. त्यांतल्या एका चित्रफितीत ओळीने ठेवलेले मुलांचे मृतदेह दिसत होते. बीबीसीने तपासले तेव्हा ती दृश्ये २०१३ साली सीरियातल्या घूता इथे झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यातली निघाली. दुचाकीवरून येऊन मूल उचलणाऱ्यांची जी फीत त्या उन्हाळ्यात देशभर फिरली, ती कराचीत मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती व्हावी म्हणून तयार केलेली होती. मूल परत आणून सोडले जाते तो तिचा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला होता.

राईनपाड्यानंतर सगळी चर्चा फोनभोवती फिरली. १० जुलैला व्हॉट्सॲपने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, पुढे पाठवलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दिसू लागली, आणि त्याच महिन्यात भारतापुरती एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली गेली. २०२० च्या एप्रिलमध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती मर्यादा एकावर आली. हे सगळे आवश्यकच होते. पण माझ्या मनातला प्रश्न निराळा आहे. फोनवरच्या संदेशात कोणत्याही जातीचे नाव नव्हते, तरीही बाजारात इतकी माणसे असताना संशय नेमका डवरी गोसाव्यांवरच का गेला? अंगावरचे कपडे, बोली, हातातली झोळी पाहून ‘हेच ते’ हे लोकांना कोणी शिकवले?

माझे उत्तर असे आहे की, त्या शिकवण्यात आमच्या पानाचा वाटा आहे. मे २०१२ मध्ये नागपूरच्या कळमना भागात बहुरूप्याचे सोंग घेऊन फिरणाऱ्या तिघा भटक्यांना चोर समजून जमावाने ठार मारले. त्या वेळी खेड्यापाड्यांत व्हॉट्सॲप पोहोचलेलेही नव्हते. साडीचे सोंग घेतलेला पुरुष दरोडेखोरच असणार ही समजूत तिथे फोनशिवायच तयार होती. ‘चड्डी-बनियन टोळी’, ‘बाईच्या वेशातले चोर’, ‘परप्रांतीय भटक्यांची टोळी’ असे मथळे वर्षानुवर्षे वाचलेल्या माणसाला अफवेने नवे काही सांगावे लागत नाही, त्याला आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीची ती फक्त आठवण करून देते.

या समजुतीचे मूळ कायद्यात आहे, हे इथल्या अनेकांना माहीत असेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारला एखादी सबंध जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करता येत असे, आणि त्या घोषणेच्या वैधतेविषयी कोणत्याही न्यायालयात प्रश्न विचारता येत नसे. पुढे कायद्याची व्याप्ती वाढत गेली, माणसे तारेच्या कुंपणात ठेवली गेली, त्यांची हजेरी घेतली जाई आणि बाहेर जायला पास लागत असे. सोलापूरची सेटलमेंट त्यांतलीच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण पाठोपाठ ‘सराईत गुन्हेगारां’साठीचे कायदे आले, महाराष्ट्रात १९५९ चा आला, आणि पोलीस ठाण्याच्या नोंदींतली नजर तशीच राहिली. ती नजर प्रेसनोटमधून आमच्या टेबलावर येत होती, आणि आम्ही तिला मथळा देत होतो.

आणखी एक शब्द पाहा. ‘सायबर भामटा’, ‘भामट्याने घातला लाखोंचा गंडा’ हे मथळे आजही रोज दिसतात. भामटा हे महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतल्या एका समाजाचे नाव आहे. राजपूत भामटा हा त्याच यादीतला दुसरा. त्या समाजातले मूल शाळेत जातीचा दाखला जमा करते आणि त्याच शाळेच्या वाचनालयात तोच शब्द चोर या अर्थाने वाचते. ‘ठग’, ‘लबाड’, ‘फसवणूक करणारा’ असे शब्द मराठीत आहेत, तरी आम्हाला तोच हाताशी सापडत असे.

मला या धाग्यावर दोन गोष्टी हव्या आहेत. पहिली, आपापल्या भागातल्या वृत्तपत्रांत आणि बातम्यांच्या ग्रूपांवर आरोपीची जात कोणत्या वेळी लिहिली जाते याविषयीचे अनुभव. दुसरी, संपादकांना पाठवण्यासाठी एक पत्र तयार करायला मदत.

तर्कवेल

लेख मनापासून लिहिलेला आहे, पण एक शंका स्पष्टपणे मांडतो. एखाद्या भागात खरोखरच एका समाजातल्या लोकांची टोळी दरोडे घालत असेल, तर वाचकांना सावध करणे हे वृत्तपत्राचे काम नाही का? शेतात वस्तीवर राहणाऱ्या माणसाने दरोडा अनुभवलेला असतो. त्याची भीती खोटी आहे असे आपण म्हणू शकत नाही. जात लपवल्याने ती भीती कमी होणार आहे का?

जुना उपसंपादक

तर्कवेल, भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. वस्तीवरच्या दरोड्यानंतर त्या घरी जाऊन बातमी केलेल्या वार्ताहरांशी मी बोललो आहे, त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या ओरबाडलेल्या कानाचे छायाचित्र मी स्वतः पाहिलेले आहे. पण जातीचा उल्लेख वाचून वस्तीवरचा माणूस नेमके काय करू शकतो, याचा विचार करा. दरोडेखोर जातीचा दाखला घेऊन येत नाही. म्हणून सावधगिरी घेतली जाते ती दिवसाढवळ्या उघडपणे फिरणाऱ्यांच्या बाबतीत, म्हणजे फुगे विकणारी बाई, जडीबुटी विकणारा, डवर वाजवत दारी येणारा गोसावी यांच्याबाबतीत. ज्याला लपायचे आहे तो या उल्लेखाने सापडत नाही, आणि ज्याला लपण्याचे कारण नाही तोच सापडतो. वाचकाला खरी उपयोगी पडणारी माहिती वेगळीच असते : कोणत्या वेळी आले, कोणत्या वाहनातून आले, दार कसे फोडले, फोनच्या तारा आधी कापल्या होत्या का. जात लिहिली की वार्ताहराला बातमी पूर्ण झाल्यासारखी वाटत असे आणि ही माहिती मात्र वगळली जात असे, हा माझा कामातला अनुभव आहे.

पांझराकाठ

मी साक्री तालुक्यातला आहे. राईनपाडा माझ्या गावापासून फार लांब नाही. धाग्यातल्या प्रत्येक वाक्याशी मी सहमत आहे, पण इथे एक बाजू आलेली नाही आणि ती आम्हाला फार लागलेली आहे.

घटनेनंतर वाहिन्यांच्या गाड्या आल्या. गावातले पुरुष अटकेच्या भीतीने घर सोडून गेले होते, घरे ओस पडली होती. वाहिन्यांवर जे दाखवले गेले त्यात ‘आदिवासी पट्टा’, ‘अशिक्षित जमाव’, ‘रानटीपणा’ हे शब्द पुन्हा पुन्हा आले. हा भाग आदिवासीबहुल आहे हे खरे आहे. पण आधीच्याच महिन्यात, जूनमध्ये, आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये दोन तरुण अशाच अफवेने मारले गेले होते, आणि आमच्याकडे घडले त्याच दिवशी रात्री मालेगावात, म्हणजे एका मोठ्या शहरात, परभणीकडच्या एका कुटुंबाला जमावाने घेरले होते. त्यांच्यासोबत दोन वर्षांचे मूल होते. एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले, पोलीस पोहोचले, म्हणून ती पाच माणसे वाचली. मालेगावच्या जमावाविषयी कोणी ‘रानटी’ म्हटले नाही. आमच्या जमावाची मात्र जमात सांगितली गेली.

ज्यांनी मारले त्यांना शिक्षा झालीच पाहिजे, यात मला कसलीही सूट नको आहे. मात्र डवरी गोसाव्यांविषयीच्या पूर्वग्रहावर लिहिताना माध्यमांनी आदिवासींविषयीचा दुसरा पूर्वग्रह वापरला, हे नोंदवून ठेवणे मला गरजेचे वाटते. पुढची दोन वर्षे पुण्यात शिकणाऱ्या आमच्या मुलांना ‘साक्री तालुका’ म्हटले की लोक विचारायचे, ते मुले पळवणाऱ्यांना मारणारे गाव ना? त्या प्रश्नात मेलेली माणसे अजूनही ‘मुले पळवणारी’च होती.

जुना उपसंपादक

पांझराकाठ, आपण लिहिलेत ते मी मूळ लेखात लिहायला हवे होते. ‘ती मुले पळवणारी नव्हती’ हे वाक्य पहिल्या दिवशीच्या मथळ्यांत नव्हते, ही बाब आपल्या शेवटच्या ओळीमुळे माझ्या लक्षात आली. ‘मुले पळवण्याच्या संशयावरून पाच जणांची हत्या’ असा मथळा वाचणाऱ्याच्या मनात संशय राहतो आणि हत्येचे कारणही त्यालाच सापडते. ‘भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांची अफवेतून हत्या’ असे लिहिता आले असते. अक्षरे जवळजवळ तितकीच लागतात.

कलमदान

मी वकिली करतो. भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत कायद्याची एक अडचण आहे, ती फार कमी लोकांना ठाऊक असते.

पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. त्यामुळे त्यांच्याविरुद्ध लिहून किंवा बोलून वैरभाव पसरवणाऱ्यावर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(यू) खाली तक्रार करता येते, आणि वृत्तपत्रातला किंवा फेसबुकवरचा मजकूर त्या कक्षेत येऊ शकतो. डवरी गोसावी मात्र राज्याच्या भटक्या जमाती ‘ब’ या प्रवर्गात आहेत. त्यांना शिक्षणात आणि नोकरीत अडीच टक्के आरक्षणाचा वाटा आहे, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण नाही, कारण तो कायदा अनुसूचित जाती आणि जमातींपुरता आहे. म्हणजे एकाच पालावर शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांना एकाच शिवीसाठी वेगवेगळा कायदा लागतो. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने २०१८ मध्ये केंद्राला अहवाल दिले, तरी हा गुंता सुटलेला नाही.

जमावाच्या हत्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने राईनपाड्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, तेहसीन पूनावाला खटल्यात निकाल दिला. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमावा आणि असे खटले जलदगती न्यायालयांत चालवावेत असे त्यात म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेल्या हत्येला स्वतंत्र शिक्षा आहे. तारीख पाहा, राईनपाड्याला त्या दिवशी बरोबर सहा वर्षे झाली होती. पण अफवेवरून केलेली हत्या ‘समुदायाच्या कारणावरून’ होती हे न्यायालयात सिद्ध करायचे झाले, तर धागाकर्त्यांनी विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर पुराव्यानिशी द्यावे लागेल : संशय त्यांच्यावरच का गेला?

पत्रासाठी एक भक्कम आधार सांगतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला. याचिका एका पत्रकाराची होती आणि ती तिच्याच वार्तांकनातून उभी राहिली होती. विमुक्त जमातींना जन्मतः गुन्हेगारी प्रवृत्तीचे समजणारे नियम त्या निकालाने रद्द केले, आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला. तुरुंगाच्या नोंदवहीतून जो रकाना निघाला, तो वृत्तपत्राच्या मथळ्यात कोणत्या अधिकाराने राहतो, असे आपण संपादकांना विचारू शकतो.

भारतीय वृत्तपत्र परिषदेची आचारसंहिताही हेच सांगते. एखाद्या जातीला कमीपणा आणणाऱ्या संदर्भात व्यक्तीची जात लिहिणे टाळावे, असे तिच्यात स्पष्ट आहे. परिषद ताकीद देऊ शकते, नापसंती व्यक्त करू शकते. दंड करू शकत नाही. दूरचित्रवाणी आणि समाजमाध्यमे तर तिच्या कक्षेतच नाहीत. तरी छापील वृत्तपत्राला तक्रारीची नोटीस आली की त्याला उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर लिहिताना संपादकाला एकदा तरी विचार करावा लागतो.

गावगाडा ग्रूप ॲडमिन

आमच्या गावाचा व्हॉट्सॲप ग्रूप मी चालवतो. २०१८ च्या जूनमध्ये मुले पळवणाऱ्यांचा संदेश आमच्या ग्रूपवर चार वेगवेगळ्या लोकांनी टाकला. चौघेही सुशिक्षित होते, त्यांत एक शिक्षक होते. मी तो प्रत्येक वेळी काढायला सांगितला, तेव्हा एकाने उत्तर दिले की, खोटे असेल तर काही बिघडत नाही, पण खरे असेल आणि आपण सांगितले नाही तर? हा प्रश्न मला त्या वेळी निरुत्तर करून गेला. आज मी त्याचे उत्तर देतो : खोटे असेल तर बिघडते ते रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचे बिघडते, आपले बिघडत नाही, म्हणून आपल्याला ते दिसत नाही.

ग्रूपवर कोणी काही टाकले तर ॲडमिनला धरतात, या भीतीने बरेच जण ग्रूप बंद करतात किंवा गप्प बसतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे म्हटले आहे की, सामायिक हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असल्याचे दिसत नसेल, तर सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. त्यामुळे भीतीपोटी हात झटकण्याचे कारण नाही. आपण बोलू शकतो.

एक अनुभव मात्र सांगायला हवा. आमच्या ग्रूपवर अफवांपेक्षा जास्त फिरतात ती स्थानिक वृत्तपत्रांची कात्रणे. ‘अमुक वस्तीवर पोलिसांचे कोम्बिंग ऑपरेशन’ असे कात्रण आले की खाली लगेच प्रतिक्रिया येतात : ‘यांना जिल्ह्याबाहेर काढा’, ‘यांना आधार कार्ड देतोच कोण’. कात्रण छापील असल्यामुळे ते काढा म्हणायला मला तोंड राहत नाही. कोम्बिंगमध्ये काय सापडले, किती जणांवर गुन्हा दाखल झाला, किती जण सुटले, याचे कात्रण आजपर्यंत एकदाही आलेले नाही.

तर्कवेल

माझ्या शंकेला उत्तर मिळाले, आणि ते मला पटले आहे. वरच्या प्रतिसादावरून एक सुचवतो. फेसबुकच्या नियमांत जातीवरून द्वेष पसरवण्याला मनाई आहे, पण मी दोनदा तक्रार केली तेव्हा मजकूर काढला गेला नाही, कारण मजकुरात शिवी नव्हती. छापील बातमीचे कात्रण होते आणि वर ‘सावध राहा’ इतकेच लिहिले होते. यंत्राला किंवा दूर बसलेल्या तपासणाऱ्याला त्यात आक्षेपार्ह काय आहे हे कळणे अवघड आहे. म्हणून मूळ कात्रणातच जात नसणे महत्त्वाचे आहे.

दुसरे म्हणजे, हा प्रकार फक्त भटक्यांपुरता समजू नये. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने मारले, तेव्हाही त्या भागात चोर आणि मुले पळवणाऱ्यांच्या अफवा फिरत होत्या. त्यानंतर काही वाहिन्यांनी आणि समाजमाध्यमांनी त्या घटनेला धार्मिक रंग दिला. अखेर अटक झालेल्या १०१ जणांमध्ये एकही मुस्लिम नाही, असे राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीरपणे सांगावे लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावात मथुरेकडच्या साधूंना पुन्हा त्याच संशयाने मारहाण झाली. ते विजापूरहून पंढरपूरला निघाले होते. पंढरीच्या वाटेवर!

मंगळवेढेकरीण

मी हा धागा तीन दिवसांपासून वाचते आहे आणि लिहावे की नाही याचा विचार करते आहे. मी डवरी गोसावी समाजातली आहे. राईनपाड्यात गेलेल्यांपैकी कोणी माझे सख्खे नव्हते, पण आमच्यात फार दूरचे असे कोणी नसते. त्या दिवशी माझे वडील आणि काका विदर्भात होते. आमच्या घरी फोनवर ती चित्रफीत आली आणि आईने ती पाहिली, कारण त्यात आपले कोणी आहे का हे पाहण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

तुम्ही सर्वांनी कायदा, मथळे आणि फोन यांविषयी लिहिले आहे. आमच्यात काय बदलले ते मी सांगते. आता आमची माणसे नव्या गावात गेली की आधी पोलीस ठाण्यात जातात, आधार कार्डाच्या नकला देतात, कुठे पाल टाकणार आहोत ते सांगतात, आणि मग पोलीस पाटलाला भेटतात. काही ठिकाणी साहेब चांगले बोलतात, काही ठिकाणी बोटांचे ठसे घेतात. माझ्या पणजोबांच्या पिढीला हजेरी आणि पास यांविषयी जे ऐकावे लागत होते, ते वडिलांनी मला लहानपणी दुसऱ्या समाजांच्या गोष्टी म्हणून सांगितले होते. आता ते आम्ही आपण होऊन करतो.

आणखी एक बदलले. माझे वडील गावात शिरले की मुले मागे लागत. ते डवर वाजवत आणि मुलांना गाणे म्हणून दाखवत. आता ते लहान मुलाकडे पाहत नाहीत. मूल जवळ आले तर ते दोन पावले मागे सरतात.

मी नोकरी करते आणि माझ्या कार्यालयात माझी जात फार कमी लोकांना माहीत आहे. मागच्या वर्षी तिथल्या ग्रूपवर ‘गोसाव्याच्या वेशातले चोर फिरत आहेत, सोसायटीत घेऊ नका’ असा संदेश आला. खाली सगळ्यांनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या. मी काही लिहिले नाही. या धाग्यावर लिहिते आहे.

जुना उपसंपादक

ताई, आपण लिहिलेत याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी जे मथळे लावले त्यांतल्या एकाचेही समर्थन मी आपल्यापुढे करू शकत नाही, आणि आपल्यासारख्या वाचकाने ते वाचले असतील हा विचार माझ्या मनात कामाच्या वर्षांत कधी आला नाही, हेही कबूल करतो.

पत्राचा मसुदा खाली देतो. सर्वांनी दुरुस्त्या सुचवाव्यात.

‘मा. संपादक, सप्रेम नमस्कार. आपल्या दैनिकात गुन्ह्यांच्या बातम्या देताना काही मोजक्या समाजांतल्या आरोपींची जात मथळ्यात आणि मजकुरात दिली जाते, इतरांची दिली जात नाही, याकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. भारतीय वृत्तपत्र परिषदेची आचारसंहिता असा उल्लेख टाळण्यास सांगते, आणि ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांच्या नोंदवहीतूनही जातीचा रकाना काढण्यास सांगितले आहे. अशा उल्लेखांमुळे गावोगाव फिरणाऱ्या गरीब भिक्षेकऱ्यांच्या जिवाला धोका निर्माण होतो, हे १ जुलै २०१८ रोजी राईनपाडा येथे दिसून आले. तरी आपल्या वार्ताहरांना आणि उपसंपादकांना पुढील सूचना द्याव्यात, ही विनंती. आरोपीची जात गुन्ह्याशी थेट संबंधित नसेल तर ती लिहू नये. पोलिसांच्या प्रेसनोटमधला जातीचा उल्लेख तसाच उचलू नये. ‘भामटा’ हा शब्द चोर या अर्थाने वापरू नये. आणि ज्या संशयिताच्या अटकेची बातमी दिली, तो सुटल्यास त्याचीही बातमी त्याच पानावर द्यावी.’

कलमदान

‘थेट संबंधित’ या शब्दांतून पळवाट निघेल. ‘जातीच्या कारणावरून घडलेला गुन्हा असल्याखेरीज’ असे लिहावे, म्हणजे अत्याचाराच्या बातमीत पीडिताची ओळख सांगण्याला अडथळा येणार नाही आणि चोरीच्या बातमीत जात घुसवता येणार नाही.

पांझराकाठ

‘राईनपाडा येथे दिसून आले’ याच्या पुढे ‘नागपूर आणि मालेगाव येथेही’ असे घालावे, ही माझी विनंती आहे.

मंगळवेढेकरीण

पत्र चांगले आहे, मी माझ्या नावाने सही करेन. एक दुरुस्ती आहे. ‘गरीब भिक्षेकऱ्यांच्या’ हे शब्द काढावेत. ‘गावोगाव फिरणाऱ्या माणसांच्या’ असे लिहावे.

जुना उपसंपादक

तिन्ही दुरुस्त्या केल्या आहेत. पत्र सोमवारी पाठवतो. पहिली प्रत मी जिथे काम केले त्या दैनिकाला जाईल.